भाऊजींचा भालेवाला

गंगाजलाचा गडू घेऊन भाऊजी देवघरातून पळत आले, तोवर तो मेला होता.

"वहिनी, मरी गया तो," म्हणाले आणि खुर्चीत बसले. एका हातात गडू, दुसऱ्या हातात पक्कड. काशीहून आणलेला, तोंडाला डाग देऊन बंद केलेला गडू. तो काही उघडला नाही. मी भाकरी उलटली. घरात माणूस गेलं तर मी तवा उतरवते, पण हा कॉम्प्युटरमधला होता.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. जळगावला टेलिफोन खात्यात जन्म काढला, रिटायर झाल्यावर धुळ्याला माझ्याकडे आले आणि कॉम्प्युटर घेतला. फोनची तार त्याला जोडून एक खेळ खेळत. चित्र नाही, काही नाही, नुसती इंग्रजी अक्षरं. कुठकुठचे लोक तिथे आपापली माणसं आणून लढवत. यांचा एक भालेवाला होता. दिवसभर माझा फोन त्या लढाईत अडकलेला, मुलीचा फोन लागत नसे. बोललं की म्हणत, "लाइन चालू शे, म्हणजे माणूस शे."

त्या खेळात माणसं म्हातारी होतात. भालेवाल्याचे केस पिकले, तशी भाऊजी मला रोज बातमी देऊ लागले.

"आज त्याला गड चढवला नाही."

"मला जिना चढवत नाही," मी म्हणे, "ते कोण विचारतंय?"

एकदा मेला की परत उठत नाही. मरताना वारसाचं नाव विचारतात. लगेच सांगितलं तर भाला वारसाला, नाहीतर सरकारजमा.

त्या सकाळी भालेवाल्याचं सरत आलं. कुणीही शहाणा माणूस खुर्चीत बसून राहिला असता. भाऊजी त्याच्या तोंडात पाणी घालायला उठले. इकडे मशिनने नाव विचारलं, थोडी वाट बघितली आणि भाला काढून घेतला.

"बठ्ठं सरकारजमा व्हई गयं," भाऊजी म्हणाले.

"पाणी ओतणार कुठे होतात? त्या पेटीवर?"

"इचारच नही करा मी." पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, "तवय बी मी पोचनू नही ना."

माझा नवरा गेला तेव्हा भाऊजींची बस पारोळ्याला बंद पडली होती. हे आले तेव्हा त्याच्या तोंडात पाणी घालून झालं होतं. मीच घातलं. भालेवाल्याला भाऊजींनी भावाचंच नाव दिलं होतं. म्हणून मी त्याला नुसतं भालेवाला म्हणते. नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही, आता काय घ्यायचं.

"वारस कोण लावणार होतात?" मी विचारलं.

"तुम्हीच, अजून कोन? तुमनं बी एक माणूस करी ठेयेल शे तठे. सोळा वरीसनं."

मी ताटं वाढली. दोघांनी जेवून घेतलं. जेवल्यावर गडूचा डाग त्यांच्याकडून काढवून घेतला आणि गडू देवघरात ठेवला. पुढच्या वेळी पळापळ नको.

तिकडे मी आहे, सोळा वर्षांची, हातात काही नाही. इकडे आम्ही दोघं आहोत.