ग्रेगरीकाकांचा मासळी-टॅक्स

टॅक्स भरताना खूश होणारा माणूस मी एकच पाहिला. ग्रेगरीकाका. सुपरमार्केटच्या बिलावरचा व्हॅट ते काउंटरवरच मोठ्याने वाचतात आणि मागच्या रांगेला सांगतात, “पाच टक्के दिले, हबीबी! आता रस्त्यावर ताठ चालायचं.”

काका वसईचे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. राहायला आमच्याच स्टाफ क्वार्टर्समध्ये. आमच्या मराठी मेसमध्ये तळलेल्या मासळीवर आणि ऑम्लेटवर पाच टक्के ‘टॅक्स’ आहे, तोही काकांनीच बसवलेला. त्यातून पाण्याचा फिल्टर आणि वॉशिंग मशीनची दुरुस्ती चालायची. डाळभाताला माफी. “पोट भरणं हक्क, सुरमई चैन,” म्हणत काका रोज दोन तुकड्या घ्यायचे आणि सगळ्यांत जास्त टॅक्स स्वतःच भरायचे.

एका रविवारी जेवताना ते उभे राहिले. “टॅक्स दहा टक्के करायचा. वरच्या पैशात हॉस्पिटलला जायचं गाडीभाडं. आपला माणूस हॉस्पिटलात पडला, की रोज संध्याकाळी एकाने डबा घेऊन जायचं.”

“म्हणजे सुरमईवर अर्ध्याचा एक दिरहम!” संगमेश्वरचा वेल्डर शिवराम ओरडला. “आपले बारा रुपये जास्त! आणि हॉस्पिटल देतं की जेवण.”

“जेवण देतं,” काका म्हणाले. “माणूस देत नाही.”

मग मतदान. हात वर करून नाही, गुप्तच पाहिजे, असा काकांचा हट्ट. होकाराला भिजवलेल्या राजम्याचा एक दाणा, नकाराला काबुली चण्याचा, आणि पडद्यामागे मेसचा मोठा कुकर. काका इस्त्रीचा शर्ट घालून पडद्याशी उभे. “घाई नको, विचार करून टाक,” असं प्रत्येकाला बजावत होते.

“काका, यल्ला, आटपा! मला उसळ लावायचीय,” आचारी कावला.

राजमा थोडक्यात जिंकला. काकांनी पहिला हात मिळवला तो शिवरामशी. मग उरलेल्या राजमा-चण्यासकट सगळ्या मतांची मिळून उसळ झाली. दोन्ही पक्षांनी खाल्ली.

पुढे माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी पेजेचा डबा घेऊन काका हजर. लाँड्रीच्या सवयीने आधी माझी चादर नीट केली, मग बसले. मी विचारलं, “काका, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?”

ते डब्याचं झाकण उघडत राहिले. “माझं हर्नियाचं झालं ना, तेव्हा शेजारच्या बेडवर केरळचा माणूस होता. त्याच्याकडे रोज ही गर्दी. भेटीची वेळ झाली की मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचो. लोकांना वाटावं, याची माणसं येऊन गेली, हाच झोपलेला होता.”

नर्स आली. वेळ संपली म्हणाली.

“थोडा टाइम, सिस्टर,” काकांनी पेजेचा चमचा माझ्यापुढे धरला. “हमारा आदमी है.”