अच्युतरावांच्या नाकाची साफसफाई

उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये अच्युतरावांची तीस वर्षं पत्रे साफ करण्यात गेली होती. पत्र्यावर गंजाची पपडी दिसली की आधी तेजाबात, म्हणजे ॲसिडात, बुडवायचं, मग तारेच्या ब्रशनं घासायचं. याहून वेगळी साफसफाई त्यांना ठाऊक नव्हती. लेक निवेदिताच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आठ दिवस उरले असताना पत्नी कुसुमताईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"फोटोवाला लय जवळून फोटो काढते म्हणे. तुमच्या नाकावर काळे तीळ सांडल्यावानी दिसून राहिले."

"कंपनीची धूळ हाय ते. एका दिवसात काढतो."

तेजाबाऐवजी त्यांनी लिंबू आणि खायचा सोडा घेतला, तारेच्या ब्रशऐवजी दातांचा जुना ब्रश. नाक चरचरलं, ठिपके जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सदर बाजारातून सुकल्यावर ओढून काढायचा काळा मास्क आणला. पाकिटावर पंधरा मिनिटं लिहिली होती. जाड पपडीला दुप्पट वेळ द्यावा लागतो, या अनुभवानं त्यांनी तो अर्धा तास ठेवला. मास्कबरोबर कातडी आली, ठिपके राहिले. आग थांबावी म्हणून रात्री टूथपेस्ट लावली, आणि सकाळी नाक पिकल्या टमाट्यासारखं झालं.

"पापा, ये क्या कर लिया?" म्हणत निवेदिता त्यांना चामडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर स्वरदांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, ही धूळ नाही. त्वचेच्या छिद्रात तेल अन् मेलेली कातडी साचते, वरून हवा लागली की ते काळं पडतं. घासून निघणार कसं?"

"मंग तेजाब?"

"चेहरा पत्रा नाही. आधी नाक बरं होऊ द्या. दोन वेळा सौम्य फेसवॉश, कोमट पाणी, वरून साधं क्रीम, दिवसा सनस्क्रीन. पंधरा दिवसांनी सॅलिसिलिक ॲसिडचं हलकं जेल, हप्त्यातून दोनदाच. लिंबू, सोडा, टूथपेस्ट, ओढायचे मास्क बंद. अन् नखानं दाबायचं नाही."

"किती दिवस लागतील?"

"दीड-दोन महिने."

साक्षगंध रविवारी होतं.

रविवारी नाकाची सूज उतरली होती, लाली मात्र तशीच होती. नागपूरहून आलेल्या मंडळींत नवऱ्या मुलाची, शिशिरची पूर्णिमाआत्या होती. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. चहा होताच तिनं कुसुमताईंना बाजूला घेतलं.

"ताई, राग मानू नका. व्याही घेतात काय? नाक पाहून विचारून राहिली. पिणाऱ्याच्या घरची पोट्टी आम्ही करत नाही."

दारात उभ्या निवेदितानं ते ऐकलं आणि तिच्या हातातला ट्रे वाजू लागला. तो आवाज ऐकून आत आलेल्या अच्युतरावांना काय घडलं ते कुसुमताईंनी दोन शब्दांत सांगितलं. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसानं निमूटपणे लिंबापासून टूथपेस्टपर्यंत सगळं कबूल केलं. डॉक्टरांची चिठ्ठी, क्रीम आणि उरलेला काळा मास्क टेबलावर मांडला.

आत्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, मास्क बोटाला लावून पाहिला. "एवढ्यानं नाक इतकं लाल होते?"

"हव. माझंच पाहा."

आत्या त्यांच्यामागून आत आलेल्या आपल्या भावाकडे, शिशिरच्या वडिलांकडे वळली. "म्हणजे मारोती, तू आपल्या नाकाचं खरंच सांगत होता."

"दहा वर्षांपासून सांगून राहिलो, ताई," मारोतराव गहिवरून म्हणाले. "माझी कातडीच नाजूक हाय."

आठ दिवस आरशात नाकाशिवाय दुसरं काही न पाहिलेल्या अच्युतरावांनी व्याह्यांचं नाक नीट न्याहाळलं. ठिपका एकही नव्हता. लाल रंग मात्र जुना आणि पक्का होता. त्यांनी निवेदिताकडे पाहिलं. तिचा ट्रे आता स्थिर झाला होता.

"नाजूकच राहते नाक," ते म्हणाले आणि क्रीमची ट्यूब व्याह्यांच्या हातात दिली. "हे घेऊन जा. रोज संध्याकाळी सातला लावायचं. लावल्यावर मात्र घराबाहेर पडायचं नाही."

मारोतराव काही बोलायच्या आत आत्यानं ट्यूब आपल्या पर्समध्ये टाकली.

"मी स्वतः लावून देईन."