अवनीच्या दातांचा दुसरा आवाज

निरंजनला दातांतलं काही कळत नव्हतं, म्हणूनच त्यानं अवनीचे दात घरीच तपासायचं ठरवलं. (डॉक्टरची वेळ घ्यावी लागते; शास्त्रज्ञ बाप चोवीस तास हजर.) लखनौच्या एका संशोधन संस्थेत तो आवाजावरून पुलांच्या भेगा शोधायचा. मुलांचा चावा नीट बसतोय का, हेही तसंच ओळखता येतं, असं त्यानं कुठंसं वाचलं. दातांवर दात आपटायचे. चावा जमलेला असला तर एकच स्वच्छ ‘टक’, नसला तर फरफटलेला आवाज. पूल काय नि पोरगी काय!

आठ वर्षांची अवनी गालाला माइक चिकटवू देईना.

“नाना भी करेंगे, तभी!”

मग निरंजनच्या बायकोचे, वीणाचे, वडील दिनकरराव शेजारी बसले. त्यांनी नातीच्या गालाला गाल लावला आणि दोघांनी मिळून दात वाजवले.

लॅपटॉपमधून ‘टक’ आलं. मागोमाग ‘खडखड’.

“वीणा, चावा पार सरकलाय! तारा लावाव्या लागणार.”

अवनीचे डोळे भरले. “तार लगी तो आम की गुठली नहीं चूस पाऊँगी ना?” मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी सकाळीच आली होती, आणि कोय चोखल्याशिवाय तिचा आंबा संपत नसे.

“जावईबापू,” दिनकरराव सावकाश म्हणाले, “तो आवाज मला वाटतं...”

“बाबा, प्लीज. ही शास्त्राची गोष्ट आहे.”

दिनकररावांचं एक वाक्य पुरं होईतो निरंजनचे तीन निष्कर्ष निघून जात. दातांच्या डॉक्टरकडे जाताना रिक्षात त्यांनी पुन्हा धीर केला.

“जावईबापू, ती कवळी...”

“कवळी? आठव्या वर्षी? पोरीला घाबरवू नका हो!”

चौकातल्या डॉक्टर मालिनींनी अवनीला नीट तपासलं. “जबड़ा बिल्कुल ठीक है. दूध के दाँत गिर रहे हैं, बस.”

“और गुठली?” अवनीनं विचारलं.

“जितनी चाहो!”

“पण हे ऐका!” निरंजननं रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टरांनी ऐकलं, आणि त्या दिनकररावांकडे वळल्या.

“नानाजी, ज़रा आप बजाइए.”

खडखड.

बाहेर बसलेले पेशंटसुद्धा हसले.

“बाबा, आधी बोलायचं नाही का?” निरंजन म्हणाला.

दिनकररावांनी सावकाश तोंड उघडलं, जावयाकडे पाहिलं आणि तितक्याच सावकाश मिटलं.

“मशीन मगर उम्दा है,” डॉक्टर म्हणाल्या.

निरंजन लगेच फुलला. “बघ वीणा! शेजारच्या माणसाचंसुद्धा ऐकतं.”

“हो ना,” वीणा म्हणाली. “राहू दे ते घरीच. आपल्याकडे ऐकणारं कुणीतरी हवंच होतं.”