बायकोच्या गुडघ्याला माझा हातभार

गेल्या महिन्यात मी जाहीर केलं, की यापुढे घरातली फरशी मी पुसणार. (हे मला दोनदा जाहीर करावं लागलं, कारण पहिल्यांदा बायकोने शिलाई मशीन थांबवलंच नाही.) ती घरीच कपडे शिवते. तेव्हा पायमशीनवरून उठताना तिचा गुडघा करकरायचा आणि ती ओठ दाबून उभी राहायची. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर मशीन कायमचं बंद होईल, या धास्तीने ती दवाखान्याचं नावही काढू देत नव्हती.

मी फडकं घेऊन गुडघ्यांवर रांगत पलंगाखाली शिरलो आणि तिथेच अडकलो.

"अगं ये लवकर, गुडघा गेला माझा!"

"आधी डोकं बाहेर काढा, मग गुडघ्याचं बघू."

मी एकटा दवाखान्यात जाणार नाही असा हट्ट धरला आणि त्या निमित्ताने ती एकदाची आली. (हे मी मुद्दाम केलं असं मी सगळ्यांना सांगतो.) डॉक्टरांनी मला दोन मिनिटांत तपासून बाजूला बसवलं. तिच्या गुडघ्याची वाटी मात्र दाबून पाहिली, पाय वाकवून पाहिला, जिना उतरताना दुखतं का विचारलं आणि एमआरआय सांगितला.

"माझाही काढा," मी म्हणालो.

"तुम्हाला गरज नाही हो."

"असं कसं? मलाही दुखतंय!"

रिपोर्ट आले. डॉक्टर तिला म्हणाले, "वाटीमागची कूर्चा, म्हणजे आतली गादी, थोडी झिजलीय. ऑपरेशन नको. मांडीचे स्नायू बळकट करायचे, उकिडवं बसायचं नाही आणि मशीनला मोटर लावून घ्यायची."

"म्हणजे शिवता येईल ना मला?"

"येईल की!"

तिने माझा हात घट्ट धरला. खरं सांगतो, मलाही भरून आलं. ते लपवायला मी घाईघाईने विचारलं, "आणि माझी गादी?"

डॉक्टरांनी माझी फिल्म उजेडात धरली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली आणि शेजारच्या डॉक्टरांनाही हाक मारली.

"या वयात अशी कूर्चा मी पाहिली नाही," ते म्हणाले. "अगदी कोरी. वापरच झालेला दिसत नाही."

आता बायको बरी आहे. माझी फिल्म तिने खिडकीच्या काचेला चिकटवलीय आणि माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ती आधी माझा गुडघा दाखवते.