टॉवेलखाली डोकं घालणारे सर

सहस्रबुद्धे सर कुठल्याही रांगेत उभे राहिले की पुढच्याला विचारतात, "रांग लावायची, हे पहिल्यांदा कुणी ठरवलं?" रेशनच्या दुकानात विचारतात, एसटी स्टँडवर विचारतात. एकदा मयताला खांदा देताना विचारलं, "चारच जण का?"

सर साताऱ्याच्या एका कॉलेजात प्राध्यापक होते. बाजार, पंचायत, कर, वतनं कशी जन्माला आली, यातच त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर सांगलीला आले ते थेट माझ्या मुळावर. मी सातवी नापास, बैलांचा दलाल. जे कमावलं ते जिभेवर आणि शब्दावर.

आमच्या बाजारात किंमत तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आतून बोटं दाबायची. शेजारच्याला पत्ता लागत नाही. त्या रविवारी जतच्या मायाप्पाची खिलार जोडी आली होती. तशी जोडी मी पाच वर्षांत बघितली नव्हती. सौदा बसत आला, एवढ्यात बाजार बघायला आलेल्या सरांनी टॉवेल उचलला, आत डोकं घातलं आणि आनंदानं ओरडले, "अच्छा! अंगठा सोडून सगळी बोटं! ही पद्धत कधीपासूनची?"

सगळा बाजार वळला. मायाप्पानं विंचू चावल्यागत हात काढला. "आवं, कर खात्याचा मानूस कशाला आनलासा?"

जोडी दुसऱ्यानं नेली. पुढचे तीन बाजार माझ्या टॉवेलखाली कुणी हात घालेना. आणि सर मात्र दर रविवारी, पुस्तक लिहितोय म्हणत, वही घेऊन माझ्या मागं हजर!

चौथ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. परत बाजारात दिसलात तर तंगडी मोडीन, एवढंच सांगायचं होतं. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. मी दारातूनच आवाज चढवला, "त्यांचं पुस्तक व्हतंय, पर माझा धंदा बसला की!"

"कसलं पुस्तक, काका? ते छापून दोन वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "आई गेल्यापासून बाबा घरात बोलतच नाहीत. रविवारी तेवढे पहाटेच तयार होऊन बसतात."

तिच्या मागं सर उभे होते. सगळं ऐकलं असावं. वही पाठीमागं धरून म्हणाले, "मी येऊ नको का आता?"

तोंडाशी आलेली शिवी मी गिळली.

"या. पर टॉवेलाला हात लावायचा न्हाई. मायाप्पा दिसला की आदी त्याची माफी मागायची. मग बसा दुपारपातूर. भाकरी मी आनतो."