भूपाल आण्णांची पेवातली भुतं

भूपाल आण्णा पेवात शिडी सोडण्याआधी आतल्या भुताची परवानगी काढत. काठावर उकिडवे बसायचे, तोंडाशी दोन्ही हात धरायचे आणि ओरडायचे, "आवं, मानसं आल्यात! जरा बाजूला सरका!" मग कान देऊन थांबायचे. आतून त्यांचाच आवाज घुमून परत यायचा. "हं, या म्हनत्यात," असं म्हणून आण्णा शिडी सोडायचे.

पेव म्हणजे हळद साठवायचा खड्डा. तोंड एक माणूस जाईल एवढं, आत मात्र खोलीएवढी ऐसपैस जागा. आमच्या सांगलीला नदीकाठी अशी पेवं पुष्कळ. पेवं भरण्यात आणि उपसण्यात आण्णांची हयात गेली. म्हातारपणी हळद सुटली, पेवं काही सुटली नाहीत. घरामागच्या सरकारी पडीक जागेत जुनी, रिकामी, उघडी पेवं होती, तिथं दर रविवारी ते लोकांना भुतं दाखवू लागले.

मी त्यांचा शेजारी. शिवाय कचेरीत कारकून, म्हणजे खोटं ऐकायची रोजची सवय. पण इतकं बिनदिक्कत खोटं मी आमच्या हेडक्लार्कच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं.

पहिल्या पेवात एक व्यापारी. "दुष्काळात लोकं सुकडीवर जगत हुती आन् ह्यो ज्वारी दडवून बसला हुता. आता खाली बसलाय. भूक लय लागती त्येला." दुसऱ्यात साठा तपासायला आलेला इन्स्पेक्टर. "शेट म्हनला, उद्या या. तवापास्नं हितंच थांबलाय, बिचारा." तिसऱ्यात एक पुढारी अजून भाषण करतोय, कारण तो मेल्याचं त्याला कुणी कळवलेलंच नाही. चौथ्यातला फौजी सलाम केल्याशिवाय शिडी हलू देत नाही. अशी एकूण सहा. कुणी फिसकन हसलं की आण्णा खवळायचे. "इतिहास हाय ह्यो! थट्टा लावलीया व्हय?"

आण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचा नेम. त्यामुळे साडेचारला फेरी सुरू, सहाच्या आत सगळी भुतं आटोपलीच पाहिजेत. कडेगावच्या एका पाहुण्यानं शंका काढली, "आण्णा, भुतं रात्रीची निघत्यात न्हवं?"

"मग मी जेवू कवा?" आण्णा म्हणाले.

आणीबाणीत पाच जणांनी एकत्र जमायला बंदी आली. आण्णा कायद्याला भिऊन असत. ते चाराच्या वर जाऊ देत नसत, आणि त्या चारांत भुतालाही धरत.

आणीबाणी उठली आणि गावात कमिट्यांचं पेव फुटलं. त्यातल्या एका कमिटीनं ठराव केला की ही जुनी पेवं बुजवून तिथं बाग करावी. आण्णा त्याच दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहाला हात लावला नाही.

"भाऊसाब, कायबी करा, पन पेवं बुजवू देऊ नका."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा तमाशा बंद पडणार म्हणून जीव कासावीस झालाय. मी म्हटलं, "काळजी कशाला? भुतांना बागेत बाकडी टाकून देऊ की!" आण्णा हसले नाहीत. मला माझीच लाज वाटली. मग मी खटपट करून आमच्या मोठ्या साहेबांनाच फेरीला आणलं. जागा आमच्याच कचेरीच्या ताब्यातली; साहेबांना पसंत पडलं तर पेवं वाचणार होती.

साहेब खूश! फौजीला त्यांनी कडक सलाम ठोकला. इन्स्पेक्टरच्या पेवापाशी मात्र उगाच घसा खाकरला. "वा! हे जतन झालंच पाहिजे," म्हणत ते निघाले, आणि कोपऱ्यातल्या बाभळीखाली एका फरशीला त्यांचा बूट अडला.

"हे सातवं का? इथलं भूत कोणतं?"

"हितं कोन न्हाई, साहेब."

"असं कसं? सांगा की एखादी बाईबिई."

मी मागून आण्णांना ढोसलं. "ठोका की एक थाप! सगळं जमत आलंय."

आण्णांनी टोपी काढली. "त्या साहांचं सोडा. ह्येच्यावर मी लबाडी करनार न्हाई. हितं माझा धाकटा भाऊ गेला, बाबू. बंद पेवात वंगाळ हवा साठती. आधी कंदील सोडून बगायचा, इजला तर मानूस उतरवायचा न्हाई. त्या दिशी गाडी खोळंबली हुती. म्या म्हनलं, उतर रं, काय हुतंय? त्यो उतरला. एकोनीस वर्साचा हुता." फरशीकडे बघत म्हणाले, "चाळीस वर्सं झाली, रोज हाक मारतोय. ओ देत न्हाई."

साहेब "अरेरे," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लिहून घ्या. सहा पेवं ऐतिहासिक, जतन करावीत. सातव्यात भूत नाही, सबब ते बुजवावं."

एकवीस वर्षांच्या नोकरीत मी साहेबांच्या शेऱ्यातला काना हलवला नव्हता. दुसऱ्या दिवशी कचेरीत हलवला. लिहिलं, 'पेव क्रमांक सात. भूत आहे. नाव बाबू, वय एकोणीस. जतन करावे.' साहेबांनी शिरस्त्याप्रमाणे न वाचता सही केली.

नक्कल घेऊन मी तसाच आण्णांकडे गेलो. म्हटलं, आता तरी म्हातारा हसेल, म्हणेल, शिकला की गडी थापा मारायला! आण्णांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. बोट नावापाशी थांबलं, ते पुढं सरकेचना.

"तुमाला दिसला व्हय, भाऊसाब?"

अहो, थाप आहे ती, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते तिथंच राहिलं.

"दिसला," मी म्हणालो.

आण्णांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "रागात हुता का वो?"

"नाही, आण्णा," मी म्हटलं. "अजिबात नाही."