हिरूकाकीचं विमान

आमच्या शेजारची हिरूकाकी रोज सकाळी आपल्या घराला मेण लावते.

लग्न होऊन वळ गावात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली, तर समोरच्या अंगणात सत्तरीकडे झुकलेली एक बाई काष्टा घट्ट मारून स्टुलावर उभी. पुढ्यात एक भलामोठा, गोलसर पाठीचा, काळवंडलेल्या पत्र्याचा डबा. ती त्याला फडक्याने असं चोळत होती, की तान्ह्या बाळालासुद्धा एवढ्या मायेने कोणी तेल लावत नसेल. मी मूळची नारपोलीची, म्हणजे मुलखाची भोचक. सासूबाई पूजेला बसल्यात हे बघून खाली उतरले, डब्याजवळ गेले आणि बोट लावून बघणार, तेवढ्यात स्टुलावरून आरोळी आली.

"हात पाठी!"

मी शाळेतल्यासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग काकीने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "नवी सून काय गो? बघ, पायजे तवरा बघ. बोट लावायचा न्हाय. बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं, नि मीठ अॅल्युमिनियमला खातं."

आमच्या ओळखीची सुरुवात ही अशी झाली.

तो डबा म्हणजे गाडीला जोडून ओढत न्यायचं, चाकांवरचं परदेशी घर होतं. आत एक पलंग, एक ओटा, दोन खिडक्या. बाहेरून सगळा अॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्यावर रिबिटांच्या रांगा. पंख नसलेलं विमान वाटायचं, म्हणून गाव त्याला विमानच म्हणायचं. काकीच्या नवऱ्याने शेतात गोडाऊन बांधून भाड्याने दिलं होतं. तिथल्या एका जाहिरातवाल्या भाडेकरूने हे विमान कुठल्याशा शूटिंगसाठी आणलं, मग त्याचा धंदा बुडाला आणि एक दिवस तो ते तिथेच टाकून नाहीसा झाला. गोडाऊनच्या पाठीमागे ते वर्षानुवर्षं धूळ खात पडलं. काळं पडलं, कोंबड्या आत अंडी घालू लागल्या.

पुढे काका वारले. जयवंत आणि दिनेश या दोन्ही मुलांनी दोन्ही घरं, जमीन, गोडाऊन, सगळं वाटून घेतलं. शेवटी रीत म्हणून जयवंतने विचारलं, "आये, तुला काय पायजे?" अशा वेळी आईने डोळे पुसत 'तुमी सुखी रावा' म्हणायचं असतं. काकी म्हणाली, "मना विमान पायजे."

सगळे हसले. काकी हसली नाही. एका महिन्यात तिने ट्रॅक्टर लावून विमान ओढून आणलं, दोन्ही मुलांच्या घरांच्या मधोमध, रस्त्याकडे तोंड करून विटांवर बसवलं आणि चोळायला सुरुवात केली.

आधी तिने राखेने घासून बघितलं. पत्रा आणखी काळवंडला. मग चिंच लावली, तेव्हा डाग पडले. त्या काळात मी तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा अशाच विमानाला पॉलिश करून वर मेण लावत होता. तो इंग्रजीत बोलायचा आणि काकीला इंग्रजीचा गंध नाही, पण तिला सगळं समजलं. तेव्हापासून तो 'आपला म्हातारा' झाला. रोज दुपारी ती माझ्याकडे यायची. "लाव गो आपल्या म्हाताऱ्याला." आणि मग त्याच्याशी भांडायची. "एवढा मेण लावतंस? पातल लाव रे, पातल! जाड लावलास तं धूल चिकटंल ना!" म्हातारा पुढच्या वाक्याला खरोखरच बोटाने मेण कमी करायचा आणि काकी माझ्याकडे बघून मान डोलवायची, जणू त्याने ऐकलंच तिचं.

फडकी मी माहेरून आणायची. नारपोलीत माझ्या भावाच्या कारखान्यात लूमवरून उतरलेल्या कापडाचे तुकडे पडलेले असतात. काकी ते तीन-तीनदा पाण्यातून काढायची, कारण सुताला खळ असते आणि खळीने चरे पडतात. मग पत्रा सावलीत धुणं, पुसणं, पॉलिश चोळलं की निघणारी काळी राड टिपणं आणि शेवटी मेण. उन्हात काही करायचं नाही. एका दिवशी एक पत्रा. मागचा शेवटचा पत्रा संपेपर्यंत पुढच्या पत्र्यावर कंटेनरच्या रस्त्याची धूळ आणि खाडीचं खारं वारं बसलेलं असायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"काकी, कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"तुना रोज भात लावायचा कंटाला येतो काय?"

"येतो."

"मंग तू आलशी हायस."

गावाशी तिची लढाई रोजचीच होती. सर्वांत जुने शत्रू म्हणजे कावळे. त्यांची शिट पत्र्यावर राहिली की डाग कायमचा. पितृपक्षात सगळं गाव गच्चीवर पानं ठेवून 'का का' करत कावळ्यांना बोलवायचं आणि काकी खाली बांबू घेऊन त्यांना हाकलायची. माझे सासरे वरून ओरडले, "अगं हिरे, आमचा बाप जेवायला बसत न्हाय तुझ्यामुले!" काकीने बांबू खाली न ठेवता उत्तर दिलं, "जेवू दे ना! जेवून झाला का दुसरीकडं जा म्हनावं!"

मग झाली पोस्टरची भानगड. गावच्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. रस्त्याकडे तोंड असलेली एवढी गुळगुळीत जागा कार्यकर्त्यांना दुसरी कुठे मिळणार? त्यांनी पहाटे खळ लावून साहेबांचा हात जोडलेला फोटो विमानाच्या दारावर डकवला. काकीने तो बघितला, पण फाडला नाही. फाडला तर खळ वाळून पत्र्यावर राहील, हे तिला माहीत होतं. ती सरळ पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेली. तिथे हारतुरे, केक, रांग. काकी रांग मोडून पुढे गेली. "भाऊ, तुमी माझ्या दाराला चिकटलाव. या, सोडवतंय तुमाला."

सगळ्यांना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. पण वाढदिवसाच्या दिवशी म्हाताऱ्या बाईशी वाद घालणं भाऊंना परवडणारं नव्हतं. भाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. काकीने त्यांच्या हातात कोमट पाण्याची बादली आणि खोबरेल तेलाची वाटी दिली. "नखा लावायची न्हाईत. भिजवा, नि हलू हलू सोडवा." भाऊंनी स्वतःच स्वतःचा फोटो, कपाळापासून हनुवटीपर्यंत, हळूहळू सोडवला. अर्धं गाव बघत उभं होतं. उरलेलं अर्धं मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. शेवटी भाऊच हसले. "काकी, एवढी चमक कशासाठी?"

"चमक न्हाय ती," काकी म्हणाली. "कवच हाय."

तेव्हा ते मला नुसतं टाळीचं वाक्य वाटलं. त्याचा अर्थ पुढे कळला.

वाटणी झाल्यावर आईने कुठे राहायचं, याचीही मुलांनी वाटणी केली होती. एक महिना जयवंतकडे, एक महिना दिनेशकडे. काकीने थोडे दिवस ते केलं. मग एका सकाळी ती आपली ट्रंक घेऊन विमानात राहायला गेली. "मी काय भिशीचा नंबर हाय, ह्या महिन्याला तुझा नि त्या महिन्याला त्याचा?"

मुलं वाईट नव्हती, पण गावात त्यांची नाचक्की झाली. दोन-दोन मजली बंगले असताना आईला पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, असं लोक बोलायला लागले. जयवंतने समजावलं, रागावला, अबोला धरला. शेवटी हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याशी त्याने परस्पर ठरवलं, की विमान घेऊन जा आणि त्यात चहाचं दुकान काढ. मंगळवारी सकाळी हायड्रा क्रेन अंगणात येऊन उभी राहिली.

काकी तेव्हा मागचा पत्रा पुसत होती. तिने क्रेनकडे बघितलं, फडकं पिळलं, वाळत घातलं, आत गेली आणि दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसली.

"उचल," ती क्रेनवाल्याला म्हणाली. "माझ्यासकट उचल."

क्रेनवाला उत्तरेकडचा होता. त्याने इंजिन बंद केलं. "माताजी को लेके हम नहीं उठाएंगे, सेठ."

जयवंत क्रेनपुढे आला. "आये, तमाशा करू नको! कुनासाठी सांभालतंस ह्यो डबा? कोन येनार हाय तुझ्याकडं?"

काकी उठली. मी तिला खूप वेळा भांडताना बघितलं होतं, पण आज तिचा आवाज चढला नाही.

"वनी येनार हाय."

वनी म्हणजे वनिता, काकीची मुलगी, सगळ्यांत धाकटी. तिचं नाव त्या घरात घेत नसत. तिने नारपोलीतल्या एका लूमच्या मिस्तरीशी, परमुलखातल्या माणसाशी लग्न केलं होतं आणि ती तिथेच राहत होती. काका तेव्हा होते. ते आणि जयवंत दोघांनी अंगणात उभं राहून सांगितलं होतं, की या घरांत पुन्हा पाय ठेवायचा नाही. काकी त्या दिवशी काही बोलली नव्हती.

"तू नि तुझा बापूस काय बोलला होता?" काकी म्हणाली. "ह्या दोन घरांत तिचा पाय पडनार न्हाय. तुमचा शबुद मी मोडला न्हाय. पन ह्यो दोन घरांतला न्हाय. ह्यो तिसरा हाय. ह्याचा उंबरा माझा. नि ह्यो काला पडला असता ना, तं तू कवाच भंगारात दिला असतास. म्हनून घासतंय मी. चमकतंय तवर कोनी भंगार बोलनार न्हाय."

जयवंतने क्रेनवाल्याला हाताने जा म्हणून खूण केली आणि घरात गेला.

दुसऱ्या दिवशी काकी माझ्याकडे आली, पण आपल्या म्हाताऱ्याला लाव म्हणाली नाही. माहेरून आणलेल्या फडक्यांच्या घड्या घालत बसली. सगळ्या घड्या झाल्यावर म्हणाली, "तू माहेरी जाशील तवा तिला सांगशील काय गो? रविवारी ये म्हनावं. जेवायला." एवढ्या माणसांना अंगावर घेतलेल्या त्या बाईला स्वतःच्या मुलीला बोलावणं पाठवायला केवढी हिंमत गोळा करावी लागली होती, ते मी बघितलं.

वनिता आली. साधी साडी, हातात केळ्यांची फणी. रिक्षातून उतरून रस्त्यावरच उभी राहिली. जयवंत आपल्या घराच्या ओटीवर पेपर वाचत होता. काकीने दारातून अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "वने! ये ना गो, उभी कशाला? आपलाच घर हाय!" जयवंतने पेपर चेहऱ्यासमोर थोडा वर धरला, पण उठून आत गेला नाही.

मी निघणार होते. काकीने माझा पदर धरला. "ऱ्हा. मना एकटीला बोलता येनार न्हाय."

आत ओट्यावर जागा उरली नव्हती. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकट, कोलंबीचं कालवण, तळलेले बोंबील, खाडीतले निवट्या मासे, वर पुन्हा शेवयांची खीर. तीन माणसांना चार दिवस पुरलं असतं. वनिता हात धुवायला बाहेर गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "काकी, एवढं कशाला केलंत?"

काकीने ताटावर ताट ठेवलं, परत उचललं. "तिला काय आवडायचा ता मना आठवत न्हाय गो. राती निजून लय आठवला. न्हायच आठवत. म्हनून सगलाच केला. त्यात कायतरी असंल."

वनिता दारातच उभी होती. तिने ऐकलं होतं. ती आत येऊन पाटावर बसली आणि सगळ्यातलं थोडं थोडं खाल्लं. काकी दर घासाला तिच्या तोंडाकडे बघत होती.

"ह्याच्यातला हाय काय?" शेवटी तिने विचारलंच.

वनिता हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले. "न्हाय, आये. निवट्या तं मना कंदीच आवडल्या न्हाईत."

"मंग खाल्ल्यास कशाला?"

"भूक लागली होती."

काकी एकदम रागावल्यासारखी म्हणाली, "मंग सांग ना! पुढल्या रविवारी काय करू ता सांग!"

"पेज," वनिता म्हणाली. "उकड्या तांदलाची. नि वर सुक्या कोलंबीचा भाजलेला सोडा."

"पेज नि सोडा," काकी म्हणाली. ती खरकटी ताटं उचलून बाहेरच्या मोरीकडे गेली, पाणी सोडलं. पाण्याच्या आवाजातही मला तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. पेज नि सोडा. पेज नि सोडा.